रेंज कमी, डेटा अवाढव्य: गॅलक्सीवर बायोइन्फॉर्मॅटिक्स शिकवण्याचा अनुभव

दूरस्थ पद्धतीने बायोइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे डीएनएसारखा जैविक डेटा संगणकावर तपासण्याचं शास्त्र, शिकवायला कुठला प्लॅटफॉर्म घ्यावा, असं विचारणारे शिक्षक मला वरचेवर भेटतात. त्यांचे विद्यार्थी बहुतेक जीवशास्त्राचे असतात. हाताशी एखादा जुना लॅपटॉप, तोही घरात सगळ्यांत मिळून एक; इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून; आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. मी अशाच मुलांना शिकवते. माझं उत्तर गेली काही वर्षं ठरलेलं आहे: गॅलक्सी हा ब्राउझरमध्ये चालणारा प्लॅटफॉर्म घ्या, आणि जोडीला गॅलक्सी ट्रेनिंग नेटवर्कचे धडे घ्या. दोन्ही फुकट आहेत. पण फुकट तर पुष्कळ काही मिळतं, आणि त्यातलं बरंचसं अशा परिस्थितीत दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच बंद पडतं. हे का टिकलं आणि कुठे अपुरं पडतं, ते सविस्तर लिहिते.

या विषयाची अडचण इतर ऑनलाइन विषयांसारखी नाही. इतिहास शिकवायचा तर व्याख्यान आणि पुस्तक पोचलं की निम्मं काम झालं. इथे विद्यार्थ्याच्या हातात खरा डेटा यावा लागतो, नाहीतर तो नुसती सॉफ्टवेअरची नावं पाठ करतो. माणसाचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. सिक्वेन्सिंग करताना त्यातली प्रत्येक जागा साधारण ३० वेळा वाचून काढतात, आणि वाचलेल्या प्रत्येक अक्षराबरोबर ते किती खात्रीचं आहे याचीही नोंद असते. अशा एका नमुन्याच्या फाइली कॉम्प्रेस केल्या तरी पन्नास जीबीच्या आसपास जातात. त्या हॉटस्पॉटवर उतरवायच्या कशा? आणि उतरवल्या तरी चालवायच्या कशावर? आरएनएचे रीड्स, म्हणजे वाचून काढलेले छोटे तुकडे, मानवी जीनोमवर बसवणारं 'स्टार' हे सॉफ्टवेअर एकटंच तीसेक जीबी रॅम मागतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये बहुधा चार जीबी असते.

पूर्वी मी एका संस्थेसाठी शिकवत होते. तिथला अभ्यासक्रम वरून ठरून आला होता. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा जणू दुसरा संगणक) उतरवून आपापल्या लॅपटॉपवर चढवायचं होतं. फाइल कित्येक जीबींची. कुणाची ती ऐंशी टक्क्यांवर येऊन तुटायची, कुणाच्या डिस्कवर जागा नसायची, कुणाचा लॅपटॉप ते मशीन सुरू झालं की गोठायचा. डीएनएचं एक अक्षर बघायच्या आधीच वर्गातली कितीतरी मुलं गळाली. त्यांच्यात बुद्धीची कमतरता नव्हती आणि कष्टाचीही नव्हती. तेव्हापासून कुठलंही साधन बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: विद्यार्थ्याच्या कनेक्शनवरून नेमकं काय काय जाणार-येणार आहे?

गॅलक्सी या प्रश्नाला उत्तम उत्तर देते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात अँटन नेक्रुटेन्को आणि जेम्स टेलर यांच्या गटाने २००५ च्या सुमारास ती सुरू केली. सॉफ्टवेअर खुलं आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. डावीकडे साधनांची यादी, मध्ये निवडलेल्या साधनाचा फॉर्म, उजवीकडे 'हिस्टरी', म्हणजे तुम्ही केलेल्या कामाची एकाखाली एक चौकटींत मांडलेली नोंद. खरं काम होतं ते त्यांच्या सर्व्हरवर. सर्वांना खुले असलेले मोठे सर्व्हर अमेरिकेत आहेत, युरोपात जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा आहे, ऑस्ट्रेलियाचा आहे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला फक्त ब्राउझर चालवता आला की झालं.

यातली सगळ्यात कामाची सोय म्हणजे लिंक देऊन फाइल आणणं. अपलोडच्या खिडकीत फाइलचा पत्ता चिकटवायचा. फाइल जिथे ठेवलेली आहे तिथून ती थेट गॅलक्सीच्या सर्व्हरवर जाते, विद्यार्थ्याच्या हॉटस्पॉटला शिवतसुद्धा नाही. त्याच्याकडून गेला तो एका ओळीचा मजकूर. एसआरए या सार्वजनिक संग्रहातला नमुना हवा असेल तर त्याचा 'एसआरआर'ने सुरू होणारा क्रमांक दिला की पुरतं. परत काय यायचं, तर बहुतेक वेळा एखादा तक्ता किंवा आलेखांचं पान. फास्टक्यूसी या रीड्सचा दर्जा तपासणाऱ्या साधनाचा अहवाल एवढा हलका असतो की तो मोबाइल डेटावर उघडतानाही मन कचरत नाही.

दुसरी गोष्ट, काम एकदा सर्व्हरकडे सोपवलं की ब्राउझर बंद झाला तरी ते चालू राहतं. आमच्या एका थेट तासात सगळ्यांनी रीड्स रेफरन्सवर, म्हणजे आधीच माहीत असलेल्या जीनोमवर, बसवायचं काम नुकतंच सुरू केलं होतं, तेवढ्यात एका मुलीकडची वीज गेली. राउटर गेला, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. ती तासातून गायबच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला: "मॅडम, मी तर काहीच केलं नाही आणि सगळ्या चौकटी हिरव्या झाल्यात!" राखाडी म्हणजे रांगेत, पिवळी म्हणजे चालू, हिरवी म्हणजे झालं, लाल म्हणजे बिघडलं, हे मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. रात्री ती झोपली होती तेव्हा तिचं काम सर्व्हरवर पुरं झालं होतं. स्वतःच्या मशीनवर हेच काम अर्धवट तुटलं असतं आणि बहुतेक पहिल्यापासून करावं लागलं असतं. वीज बेभरवशाची असते तिथे शिकवणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण मला विचाराल तर शिक्षकाच्या दृष्टीने गॅलक्सीचा सर्वांत मोठा गुण हिस्टरी शेअर करता येणं हा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दूरस्थ शिकवण्यात रोज येणारा निरोप म्हणजे "मॅडम, चालत नाहीये." सोबत लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो. त्यात निम्मा फॉर्म कापला गेलेला, उरलेल्यावर खिडकीचा उजेड पडलेला. समोर बसलेला विद्यार्थी असता तर मागून वाकून बघितलं असतं आणि अर्ध्या मिनिटात चूक सापडली असती. इथे प्रश्नोत्तरांत संध्याकाळ जाते, आणि त्याचा डेटा पॅकही. गॅलक्सीत विद्यार्थी हिस्टरीची लिंक पाठवतो. मी ती उघडते. प्रत्येक चौकटीत कुठलं साधन वापरलं, त्याची कुठली आवृत्ती, कुठल्या फाइली दिल्या, कुठली सेटिंग बदलली, सगळं नोंदलेलं असतं. काहीही विचारावं लागत नाही.

एक उदाहरण देते. बॅक्टेरियाच्या जोडीने वाचलेल्या रीड्सचा सराव होता. अशा डेटाच्या दोन फाइली असतात, डीएनएच्या तुकड्याच्या एका टोकाकडून वाचलेली एक आणि दुसऱ्या टोकाकडून वाचलेली दुसरी. एका मुलाचा निकाल आला की जोडीने नीट बसलेले रीड्स शून्य टक्के. त्याला वाटलं डेटाच खराब आहे. त्याने तसं उत्तरही लिहून टाकलं होतं. मी त्याच्या हिस्टरीतली चौकट उघडली, तपशील बघितला, तर दोन्ही रकान्यांत पहिलीच फाइल निवडलेली. एकाच दिशेने वाचलेली फाइल स्वतःशीच जोडी कशी जमवणार? मी त्याला उत्तर सांगितलं नाही, एवढंच लिहिलं की त्या चौकटीतला फाइलींचा तपशील शांतपणे वाच. त्याने वाचलं, फेरचालवणीचं गोल बाणाचं बटण दाबून दुसरी फाइल निवडली, आणि जोडीने रीड्स बसवणं म्हणजे काय हे त्याला जे कळलं ते माझ्या व्याख्यानाने कळलं नसतं.

दुसरी नेहमीची अडचण फाइलीच्या प्रकाराची. गॅलक्सीत प्रत्येक फाइलीला एक प्रकार चिकटलेला असतो, आणि साधनाला जो प्रकार हवा तेवढ्याच फाइली त्याच्या यादीत दिसतात. रीड्सच्या फाइलीवर नुसतं 'फास्टक्यू' लागलं आणि साधनाला 'फास्टक्यूसँगर' हवं असेल, तर हिस्टरीत समोर दिसणारी फाइल फॉर्ममध्ये दिसतच नाही. नवा विद्यार्थी यात हमखास अडकतो. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवर जाऊन प्रकार बदलायचा, की ती यादीत येते. हे पहिल्याच तासात करून दाखवा.

आता धड्यांविषयी. गॅलक्सी ट्रेनिंग नेटवर्क म्हणजे जगभरच्या शिक्षकांनी आणि संशोधकांनी मिळून लिहिलेला मोठा धड्यांचा साठा. जीनोमची जुळणी, आरएनए सिक्वेन्सिंग, म्युटेशन शोधणं, प्रोटिऑमिक्स, मेटाजीनोमिक्स, बरंच काही आहे. परवाना सीसी बाय, म्हणजे मूळ लेखकांचं श्रेय देऊन तुम्ही धडे बदलू शकता, भाषांतर करू शकता, छापून वाटू शकता. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर तो कुठल्या पातळीचा, आधी काय यायला हवं आणि किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. वेळेचा अंदाज मी दुप्पट धरते. मध्येमध्ये करून बघायच्या चौकटी येतात, प्रश्न येतात, आणि उत्तर दाबल्याशिवाय दिसत नाही. एकटं बसून शिकणाऱ्याला ही रचना चांगली मानवते.

सरावाचा डेटा झेनोडो या खुल्या संग्रहात ठेवलेला असतो आणि त्याच्या लिंक धड्यातच असतात. त्या उचलायच्या, अपलोडमध्ये चिकटवायच्या. हा डेटा बहुतेक वेळा मुद्दाम छाटून लहान केलेला असतो, त्यामुळे काम रात्रभर न लागता तासात उरकतं. छाटताना जीवशास्त्र हरवलेलं नाही, हे महत्त्वाचं. माझा सर्वांत आवडता धडा क्षयरोगाच्या जिवाणूचा आहे. त्याचा जीनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या तुलनेत चिमुकला. धड्यात आधी रीड्सचा दर्जा बघतात, मग नमुन्यात दुसऱ्या कुठल्या जिवाणूची भेसळ नाही ना ते तपासतात, मग म्युटेशन शोधतात आणि त्यांच्यावरून हा जिवाणू कुठल्या औषधांना दाद देणार नाही याचा अंदाज बांधतात. इथे विद्यार्थी ताठ बसतात. म्युटेशन हा शब्द त्यांनी शाळेपासून ऐकलेला असतो. एका विशिष्ट जागेवरचं एक अक्षर बदललं म्हणून रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध लागू पडत नाही, हे स्वतःच्या हिस्टरीत उमटलेलं बघणं फार वेगळं.

धड्यांची पानं साधी, स्थिर आहेत. त्यामुळे ती पीडीएफ करून आधी पाठवता येतात. मी तेच करते. तासाच्या दिवशी विद्यार्थ्याने धडा उतरवायला बसणं म्हणजे तास वाया. व्हिडिओ मात्र मी जवळजवळ सोडून दिले आहेत. तासाभराचा बऱ्या प्रतीचा व्हिडिओ काही शे एमबी खातो. तोच तास ३२ केबीपीएसवर नुसता आवाज म्हणून ध्वनिमुद्रित केला तर १५ एमबीच्या आत बसतो, आणि स्लाइडची पीडीएफ वेगळी एक-दोन एमबीची. 'आता पान सात उघडा' असं मी बोलण्यातच सांगते. मुलं तो आवाज कामं करताना, प्रवासात, पुन्हा पुन्हा ऐकतात.

काही भाग इंटरनेटशिवायच शिकवावा, या मताची मी आहे. फास्टक्यू फाइल म्हणजे काय ते मी कागदावर शिकवते. एका रीडच्या चार ओळी: पहिलीत नाव, दुसरीत ए, सी, जी, टी ही अक्षरं, तिसरीत अधिकचं चिन्ह, चौथीत खुणांची रांग. चौथ्या ओळीतली प्रत्येक खूण वरच्या त्याच जागेवरच्या अक्षराची खात्री सांगते. उद्गारचिन्ह असेल तर गुण ०, म्हणजे काही भरवसा नाही. प्रश्नचिन्ह असेल तर ३०, म्हणजे चूक असण्याची शक्यता हजारात एक. गुण २० असेल तर शंभरात एक. मी प्रत्येकाला एकेक रीड लिहून पाठवते आणि हाताने गुण काढायला सांगते. रीडच्या शेवटाकडे गुण घसरताना त्यांना स्वतःच्या पेन्सिलीने दिसतात. मग फास्टक्यूसीचा तो उजवीकडे खाली झुकणारा आलेख उघडला की समजावून सांगायला काही उरत नाही; सुरुवातीला हिरव्या पट्ट्यात असलेली खोकी शेवटी लाल पट्ट्यात का उतरली ते मुलंच मला सांगतात.

तरीही, नुसता चांगला प्लॅटफॉर्म म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. हे ज्यांनी नीट ओळखलं त्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे: आफ्रिकेतलं एचथ्रीएबायोनेट हे बायोइन्फॉर्मॅटिक्सचं जाळं. त्यांनी २०१६ मध्ये तीन महिन्यांचा, विनामूल्य, प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्याच फेरीत १० देशांतल्या २० संस्थांत वर्ग भरले आणि ३६४ जणांनी नाव नोंदवलं. प्रत्येकाला आपापल्या घरी एकटं सोडायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. विद्यार्थी आपापल्या गावच्या संस्थेत एकत्र बसत. व्याख्यानं आधीच ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेली. वर्ग ती अगोदर उतरवून घेत आणि तासाला तिथल्या तिथे लावत. तासाच्या वेळी व्याख्याते व्हिडिओ कॉन्फरन्सवर फक्त प्रश्नांसाठी हजर असत, आणि एरवी लेखी चर्चेत उत्तरं देत. इंटरनेट ऐन वेळी गेलं तरी धडा बुडत नसे, प्रश्न तेवढे पुढे ढकलले जात. आणि वर्गात मदतीला माणूस असे.

हा शेवटचा भाग मी जसाच्या तसा उचलला. माझ्या विद्यार्थ्यांना मी जवळजवळ राहणाऱ्यांचे छोटे गट करायला लावते, आणि प्रत्येक गटाला आधीच्या तुकडीतला एक मदतनीस देते. त्याला विषयाचं सगळं यायला हवं असं नाही. त्याने तो धडा स्वतः एकदा पूर्ण केलेला असावा आणि लाल चौकट दिसली तर घाबरू नये, एवढं पुरे. चौकटीतल्या किड्याच्या खुणेवर दाबून त्रुटीचा संदेश वाचायचा, तो समजला नाही तर हिस्टरीची लिंक मला पाठवायची. असे मदतनीस असलेल्या गटांतली मुलं फार कमी गळतात, हे मी तुकडीमागून तुकडी बघते आहे. शिकवणं दूरचं असलं तरी शेजारी कुणीतरी बसलेलं असणं मला गॅलक्सीइतकंच आवश्यक वाटतं. खर्च दाखवायचा असेल तर या मदतनिसांच्या मानधनाचा दाखवा.

वर्ग मोठा असेल तर आणखी एक सेवा जरूर घ्या. सार्वजनिक सर्व्हरवर जगभरचे संशोधक काम करतात, त्यामुळे रांग असते. एखादं काम मिनिटात सुरू होतं, एखादं ताटकळतं. संशोधकाला ते चालतं, थेट तासात तीस मुलं राखाडी चौकटीकडे बघत बसली की तास संपला. यासाठी युरोपच्या सर्व्हरने शिक्षकांकरता वेगळी रांग ठेवायची सोय केली आहे, तिला टियास म्हणतात. आपण अर्ज करायचा: तारखा, विद्यार्थ्यांची अंदाजे संख्या, कुठले धडे घेणार. मंजूर झालं की एक लिंक मिळते. विद्यार्थी तिच्यावरून आत आले की त्यांची कामं त्या राखीव साधनांवर जातात. पैसे लागत नाहीत. शिवाय शिक्षकाला एक पान मिळतं, ज्यावर वर्गाची कामं नाव न दाखवता रंगांत दिसतात. कुठल्या पायरीवर सगळ्यांचं लाल होतंय हे मला त्यावरून दूर बसूनही कळतं, आणि मी तिथेच थांबते.

आता उणिवा. मोबाइलवर हे चालवायचा विचार करू नका. यादी, फॉर्म आणि हिस्टरी अशा तीन पट्ट्या त्या पडद्यावर मावत नाहीत. झालेला अहवाल मोबाइलवर बघता येतो, काम करायला लॅपटॉप किंवा कुठल्यातरी संगणकाची वेळ ठरवून मिळवावीच लागते. धडे बहुतांश इंग्रजीत आहेत, आणि इंग्रजी सोपी असली तरी पहिल्या आठवड्यात ती आडवी येते. मी पीडीएफच्या समासात मराठी टिपणं लिहून पाठवते. साधनांची यादी प्रचंड आहे, एकाच कामाची दहा नावं निघतात, म्हणून धड्यातल्या अचूक नावानेच शोधायला शिकवा. सर्व्हरवरचा पडदा सुधारत राहतो, त्यामुळे धड्यातलं चित्र आणि समोरचा फॉर्म यांत थोडा फरक पडू शकतो. तास घेण्याच्या आधी स्वतः एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघणं याला पर्याय नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की गॅलक्सीत कमांड लाइन, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम देण्याची पद्धत, दिसत नाही, आणि पुढे संशोधनात ती लागतेच. आक्षेप खरा आहे. पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न वेगळा आहे. रीड्स म्हणजे काय, रेफरन्स कशाला, शून्य टक्के आल्यावर संशय कुणावर घ्यायचा, हे आधी कळलेल्या मुलाला कमांड शिकवणं मला कितीतरी सोपं जातं. गॅलक्सीच्या त्या चौकटीच्या तपशिलात सर्व्हरने चालवलेली कमांडही बघायला मिळते. दुसऱ्या महिन्यापासून मी ती वाचून घेते. जोडीला रोझालिंड हे संकेतस्थळ देते. रोझालिंड फ्रँकलिनच्या नावाचं हे स्थळ गणितं घालून प्रोग्रॅमिंग शिकवतं. पहिलं गणित एका ओळीतली ए, सी, जी, टी मोजण्याचं. डेटा म्हणजे छोटी मजकुराची फाइल, काही केबींची. प्रोग्रॅम आपल्याच लॅपटॉपवर लिहायचा. फाइल घेतल्यापासून पाच मिनिटांत उत्तर पाठवावं लागतं, म्हणून प्रोग्रॅम आधी नमुन्याच्या डेटावर चालवून तयार ठेवा आणि मगच फाइल उतरवा. नेट तुटून वेळ गेलीच तर नवी फाइल मिळते. कमी इंटरनेटवर याहून हलकं काही माझ्या पाहण्यात नाही.

एक इशारा ठळकपणे देते. रुग्णांचा डेटा सार्वजनिक सर्व्हरवर चढवू नका, नाव काढून टाकलं असलं तरी. मानवी जीनोम हीच ओळख असते. वर्गात मी आधीच जाहीर झालेला डेटाच वापरते, आणि जिवाणू-विषाणूंवरच भर देते. सार्स-कोव्ह-२ चा जीनोम जेमतेम ३० हजार अक्षरांचा. अख्खा जीनोम साध्या निरोपातून पाठवता येतो.

परीक्षेसाठी माझी पद्धत अशी: प्रत्येकाला एसआरएमधल्या वेगळ्या बॅक्टेरियाच्या नमुन्याचा क्रमांक. पायऱ्या सगळ्यांच्या सारख्या, उत्तरं वेगळी. एकमेकांना मदत करायला मोकळीक, नक्कल करून उपयोग नाही. सोबत हिस्टरीची लिंक आणि निकालावर पानभर स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. नमुने निवडताना मी आधी फाइलींचा आकार बघते आणि काहीशे एमबींच्या वरचे बाजूला ठेवते, म्हणजे सर्व्हरवरही काम लवकर उरकतं.

ज्यांना फक्त प्रोग्रॅमर घडवायचे आहेत त्यांनी सरळ रोझालिंड आणि लिनक्सकडे जावं. जिथे वीज आणि इंटरनेट दोन्ही दिवसेंदिवस नसतं तिथे एका बऱ्या संगणकावर डॉकरमधून (तयार बांधलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालवण्याची सोय) गॅलक्सी स्वतः बसवून ती वर्गातल्या वर्गात चालवता येते, पण ते सांभाळणारा जाणकार माणूस जवळ हवा. उरलेल्या सगळ्यांना, म्हणजे जीवशास्त्राच्या मुलांना खऱ्या डेटापर्यंत न्यायचं आहे अशा शिक्षकांना, मी हे मनापासून सुचवते. सुरू करताना सगळ्यांची नोंदणी एकाच सर्व्हरवर करून घ्या. अमेरिकेचं आणि युरोपचं खातं वेगळं असतं आणि एका माणसाला एका सर्व्हरवर एकच खातं चालतं. जागा नोंदणी केलेल्याला २५० जीबीपर्यंत मिळते, ती सरावाला भरपूर आहे. तरी धडा संपला की मधल्या फाइली कायमच्या पुसायला शिकवा, कारण नुसतं डिलीट केल्याने जागा मोकळी होत नाही. आणि टियासचा अर्ज तुकडीची तारीख ठरली त्याच दिवशी भरून टाका.